लाल वर्तुळांचं पान

कोचबाईंना आपला फोटो छापून आल्याचं कळलं ते नणंदेच्या पार्लरमध्ये. केस ओले, गळ्याभोवती घट्ट बांधलेलं प्लास्टिकचं कापड, मान मागे टाकलेली. अशा अवस्थेत माणूस तसाही कुणाशी भांडायच्या लायकीचा नसतो. शेजारच्या खुर्चीवरची गिऱ्हाईक बाई एक साप्ताहिक चाळत होती. चाळता चाळता ती थांबली, पानाकडे बघितलं, आरशातून कोचबाईंकडे बघितलं, पुन्हा पानाकडे बघितलं आणि अंक मिटून मांडीखाली सरकवला. कोचबाईंची निम्मी हयात पोहण्याच्या तलावातल्या पोरांवर नजर ठेवण्यात गेलेली. कोण काय लपवतंय हे त्यांना पाठमोरं बसूनही कळायचं. त्यांनी हात पुढे केला.

"बघू."

ते साप्ताहिक घराघरांत, दवाखान्यांत, पार्लरमध्ये सगळीकडे पडलेलं असायचं. त्यात शेवटून दुसरं पान होतं, 'आरसा खोटं बोलत नाही' नावाचं. रस्त्यात, बाजारात, बसच्या रांगेत सापडेल त्या बाईचा फोटो, अंगावर लाल वर्तुळं, आणि प्रत्येक वर्तुळाला एकेक टोमणा. डोळ्यांवर तेवढी काळी पट्टी मारायची, म्हणजे अब्रू शाबूत.

या आठवड्याच्या फोटोत काळी पट्टी होती. पण लाल टोपी होती, गळ्यात शिट्टी होती, आणि मागे पोपडे निघालेला तो निळा कठडा होता. कोचबाई काठावर वाकून एका पोराला हात देत होत्या. दंडाला एक वर्तुळ, मांडीला एक, पोटाला एक. महिन्याभरापूर्वी 'उन्हाळ्यात कुठे पोहाल' या लेखासाठी म्हणून एक फोटोग्राफर आला होता. मॅनेजरने परवानगी दिली होती, आणि ऊन कुठून चांगलं येतं ते खुद्द कोचबाईंनीच त्याला दाखवलं होतं.

त्यांनी पान खालपर्यंत वाचलं. मग नणंदेला विचारलं, तुला माहीत होतं का.

नणंद कात्री पुसत होती. ती म्हणाली, अंक येऊन चार दिवस झाले, पण सांगून काय उपयोग होता? आपल्याच घरातली म्हणून तिने एकाही गिऱ्हाइकाला ओळख सांगितली नव्हती. आणि खरं सांगायचं, तर ती किती वर्षं सांगत होती की वहिनी, अंगावर जरा लक्ष द्या. आता जगाने सांगितलं.

कोचबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओल्या केसांनिशी त्या उठल्या आणि भरल्या पार्लरमध्ये बोलून गेल्या, "दर सोमवारी शटर अर्धं खाली ओढून तू हनुवटीवरचे केस उपटतेस, त्याचा फोटो पाठवू का त्यांना? गोल मोठा काढायला सांगते."

नणंदेचा हात चटकन हनुवटीवर गेला. गिऱ्हाइकांनी माना खाली घातल्या. कोचबाई रस्त्यावर आल्या तेव्हा मानेवरून पाणी ओघळत होतं आणि तोंडाची चव गेली होती. आपण त्याच पानाच्या भाषेत बोललो, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. पण मागे वळून जाण्याइतकं मन मोठं त्या दिवशी नव्हतं.

घरी नवऱ्याने पान वाचलं आणि उलटं करून टेबलावर ठेवलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या माणसांना घाबरू नका, आत्ता काढतो, असं शांतपणे सांगणं हा त्याचा धंदाच होता, आणि घरातही त्याचा सूर तोच असायचा.

"जाऊ दे," तो म्हणाला.

"कुठे जाऊ दे?"

आठवडा सरला की नवा अंक येईल, लोक विसरतील, एवढंच तो म्हणाला. कोचबाई म्हणाल्या, नव्या अंकात दुसरी कुणीतरी असेल. त्यावर तो हत्यारांची पेटी आवरायला लागला.

तलावावर तर कुणी काही बोलतच नव्हतं, आणि तेच जास्त बोचत होतं. कपडे बदलायच्या खोलीत त्या शिरल्या की बायांचं बोलणं नळ बंद केल्यासारखं थांबायचं. एक पोरगं दुसऱ्याच्या पाठीवर बोटाने गोल काढून पळत होतं, आणि त्याची आई त्याला दटावताना हसू दाबत होती. मॅनेजरने त्यांना आत बोलावलं. साधा माणूस होता, भांडणाला भिणारा. त्याने इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सुचवलं की काठावर असताना वरून सैल टी-शर्ट आणि पायघोळ काहीतरी घातलं तर बरं, पालकांत कुजबुज आहे.

"पोर बुडायला लागलं तर आधी पायघोळ सोडू की आधी उडी मारू?" कोचबाईंनी विचारलं.

मॅनेजर खिडकीबाहेर बघत म्हणाला की त्याने फक्त सुचवलं.

हेही त्यांनी गिळलं असतं. पण सकाळच्या वर्गातली एक मुलगी यायची बंद झाली. दहा वर्षांची, गोल, ठेंगणी, पाण्याबाहेर कायम खांदे पाडून चालणारी. पाण्यात मात्र ती अशी काही खाली जाऊन राहायची की कोचबाईंनी तिचं नाव पाणबुडी ठेवलं होतं. पाणबुडीची आई एका सकाळी तिचा पास परत करायला आली, तेव्हा कोचबाईंनी तिला दारातच गाठलं. पोर आजारी आहे का, असं विचारलं.

आई म्हणाली, आजारी नाही. तिने ते पान बघितलंय. "ती म्हणते, पोहलं की कोचबाईंसारखं होतं. आणि स्पष्ट सांगते, राग मानू नका, मलाही तिला तुमच्यासारखी करायची नाहीये."

तिने हे हळू आवाजात सांगितलं, मापात न बसलेला बूट दुकानात परत द्यावा तसं. पास खिडकीत सरकवला आणि निघून गेली. कोचबाई शिट्टी हातात धरून कितीतरी वेळ दारात उभ्या राहिल्या. स्वतःवरचं बोलणं त्या पचवत आल्या होत्या, त्याची सवय शाळेपासूनची. पण या पोरीला त्या पानाने पाण्यातून बाहेर काढलं होतं, आणि ते कोचबाईंचं अंग दाखवून.

दुसऱ्या दिवशी त्या साप्ताहिकाच्या ऑफिसात गेल्या. भिंतीभर मुखपृष्ठं टांगलेली होती, सगळी एकाच साच्यातून काढलेली. संपादिकेने त्यांना लगेच आत घेतलं, पाणी दिलं आणि ऐकूनही घेतलं. ती चांगली बोलायची. आवाज मऊ, शब्द मोजके, आणि प्रत्येक वाक्यानंतर एक छोटं हसू.

तिचं म्हणणं असं की फोटोत चेहरा नाही, नाव नाही, मग बदनामी झाली कुणाची? शिवाय तो विनोद आहे. वाचक हक्काने ते पान आधी उघडतात. बायकाच उघडतात. आणि आम्ही स्वतःवरही हसतो.

"त्या पानावर तुमचा फोटो कधी आला?"

संपादिकेने हसू तसंच ठेवलं आणि विषय बदलला. तिच्याकडे एक सुंदर कल्पना होती. त्यांच्या आहारतज्ज्ञाच्या हाताखाली कोचबाईंचा कायापालट. आधी आणि नंतर, दोन पानं, रंगीत. सगळं मोफत.

"मला दोन पानं नकोत," कोचबाई म्हणाल्या. "दोन ओळी हव्यात. आमचं चुकलं, एवढंच. त्याच पानावर, त्याच अक्षरात."

"त्या पानावर जागा नसते हो."

"खरंय. मला जागा फार लागते, हे तुम्हीच छापलंय."

यावर मात्र संपादिका हसली नाही. तिने घड्याळ बघितलं, कुणाला तरी आत बोलावलं, आणि कोचबाई आल्या तशा हात हलवत परत गेल्या. जिना उतरताना त्यांना सुचत होतं ते सगळं आत सुचायला हवं होतं.

यानंतर पंधरवडाही गेला नसेल, मॅनेजरने खाली मान घालून सांगितलं की रविवारी दुपारी तलाव त्याच साप्ताहिकाने भाड्याने घेतलाय. 'उन्हाळा सुंदर' नावाचा कार्यक्रम, कॉस्च्युम बनवणारी एक कंपनी प्रायोजक, बायका-मुलींना मोफत प्रवेश. कोचबाईंना त्या दिवशी सुट्टी द्यायची असं त्याने ठरवलं होतं, पण दुसऱ्या जीवरक्षकाची पाठ धरली होती आणि तो अंथरुणात होता. जीवरक्षक हजर नसेल तर कुणीही पाण्यात उतरायचं नाही, हा नियम दारावरच रंगवलेला होता. तेव्हा कोचबाईंनी यावं, पलीकडच्या खुर्चीत बसावं, आणि शक्यतो फोटोत येऊ नये.

त्या बरं म्हणाल्या. भांडायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. पाण्यात माणसं असणार, कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, इतका साधा हिशेब होता. फक्त टी-शर्ट त्यांनी घातला नाही. रोजचा काळा कॉस्च्युम, लाल टोपी, शिट्टी.

रविवारी तलाव ओळखू येत नव्हता. फुगे, पडदे, कर्ण्यातून गाणी. जुन्या अंकांचे गठ्ठे फुकट वाटायला ठेवले होते. आणि उथळ भागाच्या काठावर प्लायवूडची एक उंच फळी उभी केली होती. फळीच्या मधोमध बाईच्या आकाराचं भोक कापलेलं, कंबर बारीक, मांड्या सरळ. वर लिहिलं होतं, 'आरशातून आरपार'. जी या भोकातून आरपार जाईल तिला नवा कॉस्च्युम बक्षीस. शेजारी एक निवेदक माईक घेऊन उभा होता. जी जाईल तिच्यासाठी टाळ्या, जी अडकेल तिच्यासाठी कर्ण्यातून भोंग्याचा आवाज.

कोचबाई उंच खुर्चीवरून पाण्याकडे बघत राहिल्या. पाण्याकडे बघायचं हे त्यांनी स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं. भोंगा वाजत होता, लोक हसत होते. अडकलेल्या बायाही हसत होत्या, आणि हसून झाल्यावर टॉवेल गुंडाळून बाजूला बसत होत्या. पाण्यात परत कुणी उतरत नव्हती.

मग त्यांना रांगेत पाणबुडी दिसली. आई तिला खांद्याला धरून पुढे करत होती. तोंडाने समजूत काढत असावी, कारण हात सोडत नव्हती. पोरीने टॉवेल छातीशी धरला होता. निवेदकाने तिला बघितलं आणि त्याच्या आवाजाला धार आली. या या, असं तो म्हणाला, लाजायचं काय त्यात, फळी मजबूत आहे. लोक हसले. पोरीने टॉवेल आणखी वर ओढला, पार नाकापर्यंत.

कोचबाईंनी शिट्टी वाजवली. एक लांब, श्वास संपेपर्यंत. त्या तलावावर लांब शिट्टीचा अर्थ पोराटोरांनाही ठाऊक होता. सगळे बाहेर या. पाण्यात होती नव्हती ती माणसं काठावर चढली. कोचबाईंनी एकदा तळापर्यंत नजर फिरवली, कुणी राहिलं नाही ना ते पाहिलं, मग खुर्चीवरून उतरून पायऱ्यांवर साखळी लावली आणि बोर्ड अडकवला. जीवरक्षक नाही. पाण्यात उतरू नये.

गाणी बंद झाली. मॅनेजर धावत आला, काय झालं, कुणी बुडालं का, असं विचारत. कोचबाईंनी सांगितलं की कुणी बुडालं नाही, पण त्या आत्ता कामावर नाहीत. कंपनीचे पाहुणे खुर्च्यांतून उठून बघायला लागले. मॅनेजर हात जोडायच्या बेतात आला होता. तोवर संपादिका स्वतः आली. तिने कोचबाईंना ओळखलं, आणि तिचा मऊ आवाज पहिल्यांदाच कडक झाला.

"काय हवंय तुम्हाला?"

"ती फळी इथून उचला. आणि माझं पान वाचा. त्या गठ्ठ्यात आहे तो अंक. माईकवर वाचा, मी शेजारी उभी राहते. वाचून झालं की बोर्ड काढते."

"हा निव्वळ ब्लॅकमेल आहे."

"विनोद आहे हो," कोचबाई म्हणाल्या. "लोकांना हसू द्या."

संपादिकेने मॅनेजरकडे बघितलं. त्याने काखा वर केल्या. दुसरा जीवरक्षक नव्हताच. तिने पाहुण्यांकडे बघितलं. त्यातल्या एकाने घड्याळावर बोट आपटलं. मग तिने अंक मागवला, निवेदकाच्या हातातून माईक घेतला आणि वाचायला सुरुवात केली. भित्री नव्हती ती, हे कोचबाईंना कबूल करावं लागलं. आवाज जरासुद्धा कापला नाही.

"'तलावातलं पाणी कमी का झालं?'" तिने वाचलं. एक पाहुणा मोठ्याने हसला.

"'वर्तुळ पहिलं. दंड आहे की दिव्याचा खांब?'"

पाहुण्याने आजूबाजूला बघितलं आणि हसणं आवरलं. कोचबाई हातभर अंतरावर उभ्या होत्या, दोन्ही दंड उघडे. त्यांना वाटलं होतं की आपण ताठ उभ्या राहू, पण पोट आत ओढून घ्यावंसं वाटत होतं. त्यांनी ते ओढलं नाही.

संपादिकेने दुसरं वर्तुळ वाचलं, तिसरं वाचलं. शेवटची ओळ आली.

"'सल्ला. बाई, जरा झाकून घ्या. लहान मुलं बघताहेत.'"

मुलं बघतच होती. काठावर ओळीने उभी, अंगातून पाणी निथळत. एका पोराने आईला खणखणीत आवाजात विचारलं की हे कोचबाईंबद्दल आहे का. आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

संपादिकेने माईक खाली ठेवला. "झालं तुमचं समाधान?"

"नाही. पण शब्द दिलाय."

फळी उचलल्यावर कोचबाईंनी बोर्ड काढला आणि परत खुर्चीवर चढल्या. कार्यक्रम कसाबसा पुरा झाला. पाणबुडीची आई पोरीला ओढत बाहेर निघाली ती मुद्दाम वाट वाकडी करून खुर्चीखाली आली. म्हणाली, तुम्हाला तुमचा सूड घ्यायचा होता, माझ्या पोरीला कशाला मध्ये आणलंत?

"तिला त्या फळीसमोर कुणी उभं केलं?" कोचबाईंनी वरूनच विचारलं. आईने वर बघितलं. तिची नजर अशी होती की कोचबाईंना ती आठवडाभर पाठीत जाणवत राहिली.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पुढच्या वेळी आधी मला सांग. त्यांची लिफ्ट बंद पाडतो, मजल्यांच्या मधोमध." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कोचबाईंना तो त्या संध्याकाळी जितका आवडला तितका क्वचितच आवडला असेल.

संध्याकाळ उलटायच्या आत त्या वरच्या मजल्यावर नणंदेकडे गेल्या. हनुवटीबद्दल बोलले ते चुकलं, असं त्यांनी दारात उभं राहूनच सांगितलं. नणंद म्हणाली, "बोललात ते बोललात. चार बायांसमोर बोललात. त्यातल्या दोघी परत आल्या नाहीत." आणि दार लावून घेतलं. हेही कोचबाईंना ऐकून घ्यावं लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

सोमवारपासून त्यांचा सकाळचा वर्ग काढून घेतला. वरून सांगणं आलंय, असं मॅनेजर म्हणाला. कुठल्या वरून, ते त्याने सांगितलं नाही. त्यांना भर दुपारची पाळी मिळाली, गुडघेदुखीवर पोहणाऱ्या म्हाताऱ्यांची. काही पालकांनी त्यांची पोरं मुद्दाम दुपारी पाठवायला सुरुवात केली, काहींनी तलावच बदलला. पाणबुडी सुट्टी संपता संपता परत आली. तिची आई बाकावर पाठ फिरवून बसायची, कोचबाईंशी एक शब्द बोलायची नाही. कोचबाईही बोलायच्या नाहीत. पोर पाण्याखाली जायची आणि चांगला वेळ तिथेच राहायची.

मग एक दिवस संपादिकेचा फोन आला. आवाज पुन्हा मऊ झाला होता. त्या रविवारची बरीच चर्चा झाली होती म्हणे, पत्रं आली होती. त्यांना कोचबाईंना मुखपृष्ठावर घ्यायचं होतं. मथळाही ठरला होता, 'जशी आहे तशी'.

"आणि ते मागचं पान?"

"ते वेगळं. वाचकांना दोन्ही हवं असतं."

"माझ्या दोन ओळी?"

"त्या नाही जमणार."

"मग मलाही नाही जमणार."

"तुमच्यासारख्या बाईला मुखपृष्ठ पुन्हा कुणी देणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

"माझ्यासारख्या म्हणजे कशा?" कोचबाईंनी विचारलं. पलीकडून फोन बंद झाला.

मुखपृष्ठावर दुसरी कुणीतरी आली, गुबगुबीत आणि हसरी. बसथांब्याजवळच्या दुकानात कोचबाईंनी तो अंक बघितला आणि उभ्या उभ्याच शेवटून दुसरं पान उघडलं. बुटांच्या दुकानातली एक विक्रेती होती, गिऱ्हाइकाच्या पायाशी वाकलेली, पाठीवर लाल वर्तुळ. दुकानाची पाटी अर्धी दिसत होती, आणि ते दुकान कोचबाईंना माहीत होतं.

त्या तिथे गेल्या. विक्रेती बुटांचे खोके रचत होती. कोचबाईंनी पान दाखवलं. ती म्हणाली, ती मी नव्हे. मग म्हणाली, तुमचं काय काम आहे इथे? कोचबाईंनी आपण कोण ते सांगितलं. विक्रेतीने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं, आणि त्या बघण्यात आपुलकी अजिबात नव्हती. तिने हातातला खोका वर ठेवला, दाबून बसवला, आणि कोचबाईंकडे पाठ असतानाच विचारलं, "त्यांचं ऑफिस कितव्या मजल्यावर आहे?"

"तिसऱ्या," कोचबाई म्हणाल्या. "मी येते बरोबर."

"तुम्ही कशाला? मला तोंड आहे," ती म्हणाली, आणि चपला घालून निघाली.